पायऱ्या कोणाच्या आणि शूटिंग कोणाचं

बाबल्याची मुंबईची सहल यंदा फोर्टातल्या एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांपाशीच संपली. त्यावरून काल आमच्या वेंगुर्ल्याच्या कट्ट्यावर चहाच्या दोन फेऱ्या होईपर्यंत जुंपली होती.

बेत असा होता: कोकणकन्येने सकाळी सीएसएमटीला उतरायचं, बायकोपोरांना फोर्ट दाखवत गेटवे गाठायचं आणि तिथून लाँचने घारापुरी. वाटेत हॉर्निमन सर्कलजवळ थर्मोकोलचे पांढरे तक्ते आणि जनरेटरची गाडी दिसली. मालिकेचं शूटिंग! केस जिंकून वकीलसाहेब कोर्टाच्या पायऱ्या उतरतात आणि पत्रकार त्यांना घेरतात, एवढाच सीन. तो बघत बाबल्या उभा राहिला आणि घारापुरीची लाँच हुकली.

"एकच वाक्य धा येळा बोलून घेतल्यानी," बाबल्या सांगत होता. "आणि वकिलाच्या पायात काय होता माहीत असा? हवाई चप्पल! वर काळो कोट, गळ्यात पांढरी पट्टी, आणि खाली निळ्या पट्ट्याची चप्पल. कॅमेरो कमरेपर्यंतच होतो मरे."

पत्रकारांच्या हातातले माइकही नकली, कुठल्याच चॅनेलचे नाव नसलेले. एका पोराचं काम फक्त वकिलावर छत्री धरायचं. 'अ‍ॅक्शन' म्हटलं की छत्री बाजूला, 'कट' म्हटलं की परत डोक्यावर.

"म्हणजे नट कच्चो," नंदूने निकाल दिला. "आमच्या दशावतारात रात्रभर उभ्या उभ्या संवाद रचतत. थंय खंयचो रिटेक?"

इथे मला तोंड घालावं लागलं. दहा वेळा म्हणजे दहा चुका नव्हेत. आधी लांबून सगळा सीन घेतात, मग तोच सीन वकिलाच्या चेहऱ्यावर, मग पत्रकारांच्या. शिवाय मधेच बेस्टची बस हॉर्न मारून गेली की आवाज बिघडतो, पुन्हा पहिल्यापासून. नंदूला हे पटलं नाही. दशावतारापुढे त्याला काहीच पटत नाही, हा भाग वेगळा.

दाजींचा मुद्दा निराळाच. "कोर्ट खंय असा थंय? तो टाउन हॉल. 1833 चो. आत पुस्तकां आसत. हायकोर्ट ओव्हलकडे. लोकांका खोटा दाखवतत."

खोटं तर खोटं. त्या 30 पायऱ्या आणि वरचे ते जाड खांब बघितले की न्यायदान तिथेच होत असावं असं कोणालाही वाटेल. सिनेमावाल्यांनी ती जागा इतक्या वेळा कोर्ट म्हणून दाखवली आहे की आता खरं हायकोर्ट दाखवलं तर लोक विचारतील, ही कुठली इमारत?

पण बाबल्याचा खरा राग पुढे होता. तो बाजूने दोन पायऱ्या चढला, तर एक पोरगा अंगावर आला: "ओ काका, फ्रेममध्ये येताय, हटा!"

"पायऱ्यो काय तेच्या बापाशीच्यो?" बाबल्या अजून धुमसत होता. "मुलांका आत नेऊन दाखवूची होती जागा. तीही बोंबलली."

तेव्हा सुर्या बोलला. सुर्याची टुरिस्ट गाडी आहे, त्यामुळे तो हिशेबाने बोलतो. "आकेरी गावात 'रात्रीस खेळ चाले' मालिकेचा शूटिंग चालू झाला 2016 साली, तेव्हा कोण ओरडलो? वाड्याबाहेर गर्दी, रस्तो अडलेलो. पण गाडीवाल्यांका भाडी गावली, खोलीवाल्यांका गिऱ्हाइका. तेव्हा गोड लागला. आणि मुंबैत दोन पायऱ्यांसाठी इतको राग?"

बाबल्या गप्प झाला नाही, उलट उसळला. "आकेरीक माका कोणी 'हट' म्हणाला नाय!"

"कारण तू थंय गिऱ्हाइक आणूक गेल्लंस," सुर्या म्हणाला.

मला सुर्याचं अर्धं पटतं. परवानगी काढून, भाडं भरून कोणी चार तास पायऱ्या अडवत असेल तर अडवू दे. त्यात लाइटमनपासून चहावाल्यापर्यंत किती जणांचं पोट असतं. पण जागा भाड्याने घेतली म्हणून बघणारा माणूस काही भाड्याने घेतलेला नसतो. "काका, दोन मिनिटं थांबा, शॉट चाललाय" एवढं म्हटलं असतं तर बाबल्या तिथे आनंदाने दिवसभर थांबला असता. तसा तो थांबलाच म्हणा.

दाजींना मात्र घारापुरीचं वाईट वाटत होतं. 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहे ती लेणी, आणि पोरांनी बघितली काय, तर हवाई चप्पल घातलेला वकील.

"पोरांका विचारलंस काय आवडला ता?" नंदूने विचारलं.

"छत्रीवालो," बाबल्या म्हणाला. "धाकटो घराकडे आल्यापासून आजयेच्या डोक्यावर छत्री धरता आणि 'कट' म्हटल्याशिवाय काढणा नाय."

सुर्याला शनिवारी पुण्याची पार्टी आहे, त्यांना आकेरीचा वाडा बघायचाय. बाबल्याने आता विचारलंय, "बघूक काय असा थंय, शूटिंग नाय तर?" सुर्या म्हणतो, तू येऊ नको, माझं गिऱ्हाइक पळवशील.