आफ्रिका सफारीची औषधं: ग्रुपवर फिरणारी यादी का चुकीची आहे

केनियाचं बुकिंग झालं की कोल्हापुरातल्या सहलींच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. मूळ कुणाचा ते कुणालाच ठाऊक नसतं, पण "अनुभवी प्रवाशांचा सल्ला" म्हणून तो पुढे पुढे जात राहतो. त्याचं सार असं: केनियात पिवळ्या तापाची लस कुणी विचारत नाही, म्हणून ती नको. मलेरिया आपल्याकडेही असतो, आपल्या अंगात ताकद आहे, गोळ्यांची गरज नाही. फारच भीती वाटली तर क्लोरोक्विन घ्या. जुलाब होऊ नयेत म्हणून रोज एक अँटिबायोटिक. सापासाठी इथूनच प्रतिविष न्या. आणि जागा वाचवायला सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून एकाच डबीत भरा.

केनियात 1977 पासून शिकारीला बंदी आहे, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती गुन्हा ठरते. त्यामुळे कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात भुसा भरलेले वाघ-बिबटे बघत मोठे झालेले आपण आता कॅमेरा घेऊन सफारीला जातो, हे चांगलंच झालं. पण तंबूतला मुक्काम, पहाटेची उघडी जीप, डास, गोचीड आणि मोठ्या दवाखान्यापासूनचं अंतर, हे सगळं शिकाऱ्यांच्या काळी होतं तसंच आहे. म्हणून वरचा एकेक मुद्दा तपासून घेऊ.

"केनियात लस विचारत नाहीत." भारतातून थेट जाणाऱ्याला केनियात बहुधा विचारत नाहीत, एवढं खरं. पण अडवतात ते परत येताना, आपल्याच विमानतळावर. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. दुबई किंवा दोहाला विमान बदललं म्हणून सुटका होत नाही. ही कडकाई उगाच नाही. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास मुबलक आहे. दर पावसाळ्यात कोल्हापुरात डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो तोच हा डास. विषाणू अंगात घेऊन एक प्रवासी उतरला, तर पुढचं काम करायला डास तयारच आहे.

आणि विमानतळावरचा कागद हा दुय्यम भाग. या रोगावर नेमकं औषध नाही, लस हाच बचाव आहे.

लस 0.5 मिलीची, एकदाच घ्यायची. 11 जुलै 2016 पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभरासाठी वैध धरतात, त्यामुळे पूर्वीच्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यावं लागत नाही. मात्र प्रमाणपत्र लागू होतं ते टोचल्यापासून दहा दिवसांनी. 20 तारखेचं विमान असेल तर 10 तारीख ही अगदी शेवटची. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टोचून चालत नाही, सरकारमान्य केंद्रच लागतं. अशी केंद्रं मुंबईत आणि पुण्यात आहेत, यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि नोंदणी आधी करावी लागते, म्हणजे कोल्हापूरकराचा एक अख्खा दिवस जाण्यायेण्यात धरून ठेवा. दिवाळीची सहल असेल तर नवरात्रात धावपळ करण्यापेक्षा गणपतीच्या आधीच हे उरकलेलं बरं. कार्ड हातात आलं की तिथेच उभं राहून नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, सही, शिक्का हे सगळं पासपोर्टशी ताडून बघा. स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तरी विमानतळावर प्रश्न सुरू होतात.

ही लस सगळ्यांना देता येत नाही, हेही त्या मजकुरात नाही. ती जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा आजार, कर्करोगाचे उपचार, मोठ्या डोसमधली स्टेरॉइड्स, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनीही सांगावं. साठीच्या पुढे पहिल्यांदाच लस घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम दुर्मीळ असले तरी तरुणांपेक्षा जास्त आढळतात. आपल्याकडच्या सफारी ग्रुपमध्ये निवृत्त मंडळीच जास्त असतात, म्हणून त्यांनी तिकीट काढण्याआधीच फॅमिली डॉक्टरांशी बोलावं. लस देता येत नाही असं ठरलं तर तसं वैद्यकीय प्रमाणपत्र घ्या, पण त्यानं परतीचं विलगीकरण टळेलच असं नाही. अशा माणसानं केनियाऐवजी दुसरा देश निवडणं शहाणपणाचं.

आता मलेरिया, म्हणजे या मजकुरातला सगळ्यात जीवघेणा भाग. मलेरियाविरुद्धची ताकद वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागण होऊन येते, तीही अर्धवट, आणि लागण थांबली की ओसरते. कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा कदमवाडीत राहून ती येत नाही. लहानपणी एकदा थंडीताप येऊन गेला होता, त्याचा इथे काहीही उपयोग नाही. शिवाय आपल्याकडे लोकांनी पाहिलेला मलेरिया बराचसा व्हायवॅक्स जातीचा. केनियात बहुतांश फाल्सिपेरम आहे. तो मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसांपर्यंत जातो आणि उपचाराविना एक-दोन दिवसांत माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. क्लोरोक्विनला तो तिथे कधीचाच दाद देईनासा झाला आहे. ती गोळी घेऊन जाणाऱ्याला फक्त खोटा धीर मिळतो.

चालणारे पर्याय तीन आहेत, त्यातला कुठला ते डॉक्टरांनी ठरवायचं. अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल, मोठ्यांसाठी 250/100 मिलिग्रॅम रोज एक: मलेरियाच्या भागात पोचण्याआधी एक-दोन दिवस सुरू, तिथे असेपर्यंत रोज, निघाल्यावर आणखी 7 दिवस. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम रोज एक: सुरुवात तशीच, पण निघाल्यावर 4 आठवडे. मेफ्लोक्विन 250 मिलिग्रॅम आठवड्यातून एक: निदान दोन आठवडे आधी सुरू, नंतर 4 आठवडे, फिट्स, नैराश्य किंवा इतर मानसिक त्रासाचा इतिहास असेल तर ही नको.

आठ दिवसांच्या मुक्कामाचा हिशोब करा. एक दिवस आधी सुरू केली तर पहिल्या औषधाच्या 1 + 8 + 7 म्हणजे 16 गोळ्या लागतात, डॉक्सिसायक्लिनच्या 1 + 8 + 28 म्हणजे 37. लोक चुकतात ते नेमकं इथे: घरी आलं, दोन दिवस बरं गेलं, गोळ्या बंद. परजीवी आधी यकृतात दडून वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः रक्तातल्या परजीवीवर काम करतं, म्हणून यकृतातून उशिरा बाहेर पडणारा सापडेपर्यंत ते चालू ठेवावं लागतं. अ‍ॅटोवाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातच त्याला गाठतं, म्हणून तिथे सात दिवस पुरतात. हे औषध प्रत्येक मेडिकलमध्ये ठेवलेलं असेलच असं नाही, तेव्हा महिनाभर आधी सांगून मागवा.

घेण्याची पद्धतही दोन्हींची उलटी आहे. अ‍ॅटोवाक्वोन स्निग्ध जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायचं, उपाशीपोटी ते नीट शोषलंच जात नाही. डॉक्सिसायक्लिन मात्र दुधाबरोबर नको. कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्याशी ते बांधलं जातं आणि अंगाला कमी लागतं. म्हशीच्या दुधाच्या पेल्याबरोबर गोळी घ्यायची सवय असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. ते जेवणानंतर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्या आणि पुढचा अर्धा तास आडवं होऊ नका. घोटभर पाण्यावर गिळून लगेच झोपलं तर कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे जखम होते; दुसऱ्या दिवशी घोट गिळतानाही छातीत कळ येते. शिवाय याच्यामुळे उन्हानं कातडी पटकन भाजते, त्यामुळे पूर्ण बाह्या आणि टोपी हवीच. गर्भवतींना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना हे देत नाहीत.

गोळ्या घेतल्या तरी डास चावू न देणं चालूच ठेवायचं. मलेरियाचा डास संध्याकाळ ते पहाट चावतो, नेमकं शेकोटीभोवती बसायच्या वेळेला. डास पळवणाऱ्या मलमाच्या लेबलवर घटक आणि टक्केवारी वाचा: डीट 20 ते 30 टक्के किंवा इकारिडिन 20 टक्के असावं. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर हे. लसूण किंवा बी जीवनसत्त्व खाऊन डास पळत नाहीत. त्सेत्से माशी वेगळीच: तिला निळा आणि काळा रंग ओढून घेतो, ती पातळ कापडातूनही चावते आणि मलमाला फारशी जुमानत नाही. खाकी, मातकट, जाड कपडे न्या. गवतातून चालून आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, कमरपट्ट्याखाली गोचीड शोधा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल लावू नका, काडी पेटवून चटका देऊ नका.

"रोज एक अँटिबायोटिक." निरोगी प्रवाशाला याची गरज नाही. आतड्यातले चांगले जंतू मरतात, चिवट जंतू उरतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. बॅगेत अझिथ्रोमायसिनचा 500 मिलिग्रॅमचा तीन दिवसांचा कोर्स डॉक्टरांकडून लिहून घेऊन ठेवावा. तो तापासह किंवा रक्तासह जुलाब झाले तरच काढायचा, आणि तेव्हाही डॉक्टर गाठायचाच. लोपरामाइड 2 मिलिग्रॅम लांबच्या जीपप्रवासापुरती कामाची: सुरुवातीला दोन, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, दिवसात चारच्या वर नाही. ताप किंवा रक्त असेल तर ती अजिबात नको.

खरं औषध ओआरएस. मोठं पाकीट 20.5 ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पाकीट पेल्यात ओतून "स्ट्राँग" करून पिणारे खूप आहेत. तसं केल्यानं मीठ-साखर जास्त होते, आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. एक लिटरची बाटली बरोबर ठेवा, सीलबंद पाण्यात सगळं पाकीट रिकामं करा, चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेका. माणशी सहा पाकिटं न्या. गोड टेट्रापॅक म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेनं अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, ती याचसाठी. रक्तदाबाच्या गोळीत पाणी काढणारं औषध असेल, किंवा मेटफॉर्मिन चालू असेल, तर जोराचे जुलाब-उलट्या झाल्यावर त्या गोळ्यांचं काय करायचं हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. आणि तापासाठी साधं पॅरासिटामॉलच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा त्यांच्या जोडगोळ्या नकोत, कारण ताप डेंग्यूचा असू शकतो आणि पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवर ताण येतो.

प्रतिविषाचा सल्ला तर वाचवतच नाही. भारतात बनणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषासाठी असतं. केनियातले पफ अ‍ॅडर, ब्लॅक मांबा वेगळे, त्यांच्यासाठी ते धरून चालता येत नाही. शिवाय ते शिरेतून द्यावं लागतं आणि देताना तीव्र अ‍ॅलर्जी येऊन माणूस कोसळू शकतो, म्हणून ते दवाखान्यातच द्यायचं असतं. साप चावला तर अंगठी, घड्याळ, बूट काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, चिरा देऊ नका, गाडीत घाला. थुंकणाऱ्या नागाचं विष डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवा. त्यापेक्षा बंद बूट आणि रात्री टॉर्च. बबून किंवा माकड चावलं, ओरखडलं, तर जखम साबणाच्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस गाठा. धनुर्वाताची लस दहा वर्षांत झाली नसेल तर निघण्याआधीच घ्या.

राहिली डबी. मेडिकलमध्ये चार गोळ्या मागितल्या की कात्रीनं स्ट्रिप कापून देतात, आणि नाव व मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. हातात येतात त्या नाव नसलेल्या चार पांढऱ्या गोळ्या. कस्टमसमोर त्या कसल्या हे सांगता येत नाही, बेशुद्ध झालात तर तिथल्या डॉक्टरलाही कळत नाही. पूर्ण स्ट्रिप घ्या, बिल ठेवा आणि औषधांची मूळ नावं, डोस, आजार लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, टाईप केलेली घ्या. रोजची औषधं केबिन बॅगेत, सहलीपेक्षा आठवडाभर जास्त. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका. तिथे गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. जीपच्या डॅशबोर्डवर ते तापून बिघडतं.

दुबईमार्गे जात असाल तर आणखी एक. ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी अमिरातीत नियंत्रित आहे, आधी परवानगी लागते. खसखशीलाही तिथे बंदी आहे, आणि ती आपल्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात असू शकते. दुबईला मुक्काम असेल तर ती पिशवी घरीच राहू द्या.

विमा घेताना जुना रक्तदाब-मधुमेह लपवू नका आणि विमानानं हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते बघा. मसाईमारा अभयारण्यातून राजधानी नैरोबीला रुग्ण आणायला अनेकदा विमानच लागतं. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून अ‍ॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा देतात.

परत आल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, अगदी किरकोळ कसकस असली तरी, त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या लॅबमध्ये मलेरियाची रक्ततपासणी करा. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य "मी केनियाहून आलोय" हेच असू द्या. ते सांगितलं नाही, तर पावसाळ्याच्या दिवसांत समोरच्याला आधी डेंग्यूच सुचणार.