बापाच्या रजेचे पैसे कोण भरणार?

परवा फोनवर मावसभाऊ तावातावानं म्हणाला, "बाळंत होणार बायको आणि तीन महिने घरी बसणार नवरा? पैसे कोण भरणार?" तीस कामगारांचा कारखाना आहे त्याचा. फोन ठेवला तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

पैशांचा प्रश्न रास्तच आहे. पण 2017 मध्ये आपण आईची रजा 12 आठवड्यांवरून 26 वर नेली आणि ईएसआय या सरकारी कामगार विम्याबाहेरच्या बायकांचा रजेतला पगार मालकाच्याच माथी ठेवला, तेव्हा त्याची किंमत कोणी मोजली? मुलाखतीतच "पुढचा काय विचार?" असं ज्यांना विचारतात, त्या नव्यानं लग्न झालेल्या मुलींनी. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी बापाच्या रजेचं खासगी विधेयक मांडलं होतं. कामगार, मालक, सरकार तिघांनी मिळून निधी उभारायचा, असं त्यात होतं. ते बारगळलं. केंद्राच्या कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही.

इथे स्वीडनमध्ये 1974 पासून ही रजा दोघांची आहे. आता 480 दिवस, त्यातले 90 बापाचेच. त्यानं घेतले नाहीत तर बुडाले. मला पैसे कंपनीनं दिले नाहीत, फोर्सेक्रिंग्सकासान या इथल्या सरकारी विमा संस्थेनं दिले, सगळ्या मालकांच्या वर्गणीतून. आपल्या ईएसआयची घडण अशीच आहे: पगाराच्या 3.25 टक्के मालकाचे, 0.75 कामगाराचे. बापाला त्यात घेतलं तर वर्गणी वाढेल, मान्य. पण ती सगळ्यांत वाटली जाईल, भावाच्या एकट्याच्या गळ्यात पडणार नाही.

"तिकडे बसून बोलायला तुझं काय जातं?" म्हणाला. लागलं मला. मी शिकलो सरकारी कॉलेजात, नाममात्र फीवर. तो खर्च उचलणाऱ्यांत त्याचे वडीलही होते, आणि त्या शिक्षणावर मिळवलेल्या पगाराचा कर मी इथे भरतो.

नोव्हेंबरात तीनलाच अंधारून यायचं. लेकीला छातीशी बांधून खिडकीपाशी येरझाऱ्या घालताना मी आईची अंगाई म्हणायचो. दुसऱ्या कडव्याला अडलो की आईलाच फोन. महिन्याभरात लेक रडताना माझा खांदा शोधायला लागली. ते दिवस ज्यांच्या पैशांनी मिळाले, त्यांची भाषा मला अजून धड येत नाही.

भावाची धाकटी झाली तेव्हा तो तिसऱ्या दिवशी कारखान्यात होता. त्याबद्दल त्याला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही.