मोतीला परत का पाठवलं?

'स्पिट्झ कुत्र्यांच्या प्रदर्शनात भाग कसा घ्यावा' या (म्हणजे पॉमेरियन, हस्की यांसारख्या दाट केसांच्या, टोकदार कानांच्या कुत्र्यांबद्दलच्या) माझ्या मागच्या लेखावर साताऱ्याच्या एका वाचकांची मोठी प्रतिक्रिया आली. 'तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून स्पष्ट बोलतो' अशी सुरुवात आहे, तेव्हा मीही त्यांना काकाच म्हणते. लेख वाचून काका आपल्या मोतीला घेऊन पहाटे चारला निघाले आणि सातच्या आधी पुण्यात आमच्या प्रदर्शनाच्या मैदानावर पोचले. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलाने मोतीकडे एकदा पाहिलं आणि चार लोकांसमोर सांगितलं, 'हा पॉम नाहीये, याला रिंगमध्ये घेता येणार नाही.' काका लिहितात, 'नऊ वर्षं आम्ही त्याला पॉमेरियन म्हणून वाढवला. माणसांतली जात अजून गेली नाही आणि तुम्ही कुत्र्यांचीही वंशावळ मागता.' पुढे आणखी दोन आरोप आहेत. पुण्याच्या उन्हात हस्की उभे करणं हा छळ आहे आणि ते पाहून लोकांना हस्की हवासा वाटतो, आणि बक्षिसं ठरलेल्या लोकांनाच मिळतात.

काका, आधी माझी चूक कबूल करते. माझ्या लेखात कंगवा, पट्टा, आंघोळ सगळं आलं, पण प्रवेशिका प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधी बंद होतात हे एका ओळीत कुठेतरी कोपऱ्यात राहून गेलं. प्रत्येक कुत्र्याचा नंबर, नाव, जन्मतारीख, आई-बाप, मालक हे सगळं छापलेल्या कॅटलॉगमध्ये असतं आणि त्या सकाळी त्यात कुणाचंही नाव घालता येत नाही. अगदी कागदपत्रं असलेला पॉम आला असता तरी त्यालाही परत जावं लागलं असतं. तुम्ही अडीच तास गाडी चालवून आलात, त्याला कारण माझा अर्धवट लेख आहे. आणि टेबलावर जे बोललं गेलं ते तसं बोलायला नको होतं. तो मुलगा आमचा स्वयंसेवक आहे, पहाटेपासून उभा होता, पण ती सबब होत नाही. तुम्हाला बाजूला घेऊन, पाणी देऊन, नीट समजावून सांगता आलं असतं. मी तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला रिंग आखत होते. तुमची भेट झाली नाही याचं मला वाईट वाटतं.

आता जातीबद्दल. हा शब्द आपल्याकडे इतका जड आहे की तुम्हाला तो का लागला हे मला समजतं. लोकांसमोर 'हा अस्सल नाही' असं ऐकलं की ते जुन्या आवाजातच ऐकू येतं. म्हणून वंशावळ का मागतो ते माझ्याच घरातल्या गोष्टीवरून सांगते.

माझी पहिली पॉम चिमी. कागद नव्हते, मी मागितलेही नाहीत. पिल्लू हातात घेतलं आणि घेऊन आले. चौदा महिन्यांची असताना सोफ्यावरून उतरली आणि मागचा डावा पाय पोटाशी धरून तीन पायांवर उभी राहिली. डॉक्टरांनी माझं बोट तिच्या गुडघ्यावर ठेवलं आणि पाय हळूच वळवला. गुडघ्याची वाटी माझ्या बोटाखालून बाजूला सरकली आणि टक्कन परत जागेवर आली. तो स्पर्श अजून विसरता येत नाही. लहान चणीच्या कुत्र्यांत हा दोष खूप दिसतो आणि तो बहुतेकदा रक्तातून येतो. डॉक्टरांनी विचारलं, 'हिच्या आईचे गुडघे कसे होते?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. विकणाऱ्याकडेही नव्हतं, कारण आई कोणती हेच त्याला सांगता येईना. दोन्ही पायांची शस्त्रक्रिया झाली. चिमी पुढे अकरा वर्षं जगली, पण जिना तिने कधी चढला नाही.

जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्रावर तीन पिढ्यांची नावं असतात आणि कुत्र्याच्या मानेत बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर असतो. ती नावं असली की फोन करता येतो. आजीला श्वासनलिका दबण्याचा त्रास होता का, आजोबांचे केस तिसऱ्या वर्षी झडून कातडी काळी पडली का, हे विचारता येतं. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम केले. त्यात पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. किती ठिकाणी हे पाळलं जातं ते तुम्ही-आम्ही पाहतोच. प्रदर्शनाची रिंग ही त्यातल्या त्यात एक जागा आहे जिथे कुत्रा कुणाचा, कुठून आला, हे उघड्यावर विचारलं जातं.

मग मोती कोण? तुम्ही फोटो पाठवलात, पांढराशुभ्र, लांब तोंडाचा, शेपटी पाठीवर. काका, मोती इंडियन स्पिट्झ आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांना आपण सगळे 'पॉमेरियन' म्हणत होतो, वाड्याच्या दिंडी दरवाज्यात बसून पोस्टमनवर भुंकायचे, दुपारी शहाबादी फरशीवर पाय पसरून झोपायचे, ते बहुतेक सगळे हेच. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून ते इथे तयार झाले असं मानलं जातं. आपला उन्हाळा, दूध-पोळी, दहा माणसांचं घर, हे सगळं पचवून ते टिकले. मोती पॉम नाही याचा अर्थ मोती कमी आहे असा होत नाही. त्याचं खरं नाव दुसरं आहे एवढंच, आणि ते नाव घ्यायला आपण लाजतो.

अडचण कुठे येते? जागतिक संघटना एफसीआय, जिच्याशी आपला केनेल क्लब संलग्न आहे, तिने कुत्र्यांचे दहा गट केलेत. पाचवा गट स्पिट्झ आणि आदिम प्रकारच्या कुत्र्यांचा. हस्की, सामोएड, अकिता, चाउ चाउ, शिबा आणि जर्मन स्पिट्झचे पाचही आकार त्यात येतात. जर्मन स्पिट्झचं प्रमाणक, म्हणजे तो कसा असावा हे सांगणारा लिखित कागद, ९७ क्रमांकाचं. सगळ्यांत लहान तो पॉम, खांद्यापाशी १८ ते २४ सेंटिमीटर. त्यावरचा २४ ते ३०, मधला ३० ते ४०. तुम्ही मोतीची उंची ३८ लिहिली आहे, म्हणजे उंचीने तो मधल्या आकारात बसतो. पण नुसत्या उंचीवर त्याला तिथे उभा करता येत नाही. एफसीआयच्या यादीत इंडियन स्पिट्झच नाही. परीक्षकाच्या हातात ज्याचं एफसीआयचं लिखित प्रमाणक नाही, त्याला तो कशाशी ताडून पाहणार?

बाहेरून पाहणाऱ्याला रिंगमध्ये कुत्रे एकमेकांशी स्पर्धा करताना दिसतात. खरं तर प्रत्येक कुत्रा त्या लिखित कागदाशी ताडला जातो. लहान कुत्र्याला टेबलावर ठेवतात. परीक्षक आधी पाठचा हात नाकासमोर धरतो, वास घेऊ देतो. मग ओठ वर करून दात पाहतो. वरचे दात खालच्या दातांना कात्रीसारखे चिकटून पुढे हवेत. डोक्यावरच्या टाळूवर बोट फिरवतो, कवटी पूर्ण जुळली आहे ना हे पाहायला, कारण टाळू उघडी राहिलेला पॉम बाद होतो. फुलवलेल्या केसांत हात घालून खांदा, पाठ, बरगड्या चाचपतो, नराचे दोन्ही अंड उतरलेत का पाहतो, गुडघे हाताळतो. शेवटी जमिनीवर सरळ जाऊन परत यायला सांगतो, मग त्रिकोणात. चालीत लंगडेपणा पावडरने झाकता येत नाही. हे सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. नवख्या मालकाला वाटतं की आपल्या कुत्र्याकडे नीट पाहिलंच नाही. तुम्हाला कधी टेबलाच्या दोन हातांवर उभं राहून पाहायचं असेल तर मी रिंग स्ट्युअर्डच्या, म्हणजे परीक्षकाच्या मदतनीसाच्या, बाजूला तुमची खुर्ची मांडेन.

याच कागदामुळे मी अनेक पैदासवाल्यांशी भांडलेही आहे. सध्या बाजारात 'टेडी फेस' पॉमची मागणी आहे, चपटं तोंड, बाहुलीसारखं. प्रमाणक सांगतं की पॉमचं तोंड कवटीच्या साधारण निम्म्याइतकं लांब हवं. चपट्या तोंडाचा पॉम आपल्या एप्रिलमध्ये कसा घोरतो, कसा धापा टाकतो, हे मी जवळून पाहिलं आहे. अशा कुत्र्याला परीक्षकाने मागच्या रांगेत उभं केलं की मला समाधान वाटतं.

पण प्रदर्शनांनी नुकसान केलंच नाही असं मी म्हणणार नाही. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचा पॉम घेतला आणि १८९१ मध्ये लंडनच्या पहिल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात आपले पॉम उतरवले. मार्कोचं वजन साडेपाच किलोच्या आसपास होतं. आज ब्रिटनच्या केनेल क्लबच्या प्रमाणकात नराचं वजन १.८ ते २ किलो आहे. सव्वाशे वर्षांत कुत्रा निम्म्याहून लहान झाला, आणि तो रिंगच्या आवडीनेच झाला. नाजूक हाडं, बाळंतपणात अडणाऱ्या माद्या, हे सगळं त्या आवडीबरोबर आलं. तुमचा मोती बांध्याने आजच्या पॉमपेक्षा राणीच्या पॉमला जवळचा आहे, हे मी मनापासून सांगते.

उन्हाच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटी, एका दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनात मी स्ट्युअर्ड होते. साडेअकरा वाजले तरी सामोएडची रिंग लागली नव्हती. सिंथेटिक हिरवी चटई उन्हात अंथरलेली. एक मादी चटईवरून पाय उचलू लागली. मी तळहाताची मागची बाजू चटईवर टेकवली, पाच आकडे मोजता आले नाहीत. तिची जीभ गडद लाल, लाळ दोरीसारखी. गुदद्वारात थर्मामीटर घातला तर ४०.६ अंश सेल्सिअस. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ असतं. पोटाला, पंजांना, काखेत साधं पाणी लावून पंख्यासमोर झोपवली, तासाभराने तापमान उतरलं. मालकाला रिंगमध्ये परत जायचं होतं. मी नंबरपट्टी त्याच्या दंडावरून काढून घेतली. त्याने तक्रार केली, आणि आयोजकांनी मलाच सुनावलं.

त्यानंतर आमच्याकडे मी तीन गोष्टी बदलून घेतल्या. प्रदर्शन डिसेंबर किंवा जानेवारीतच. जाड दुहेरी केसांच्या (वर लांब, खाली मऊ असा थर असलेल्या) मोठ्या कुत्र्यांच्या रिंगा सकाळी साडेसातला पहिल्या, पॉम नंतर, आणि अकरानंतर मैदानावर एकही कुत्रा नाही, उरलेलं सगळं हॉलमध्ये. आणि प्राण्यांचे डॉक्टर रिंगच्या कडेला बसतात, फाटकावर लशीची कार्डं पाहून निघून जात नाहीत. एवढं करूनही, पुण्यात फ्लॅटमध्ये हस्की पाळू का असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणते. प्रदर्शनात हस्की आल्याने लोकांना तो हवासा वाटतो, हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. जे आधीच इथे आहेत त्यांच्या मालकांना केस भादरू नका, दुहेरी केस ऊनही अडवतात, हे सांगायला मात्र तीच जागा उपयोगी पडते.

बक्षिसांबद्दल थोडक्यात. परीक्षकाला निकालापूर्वी कॅटलॉग देत नाहीत, त्याच्यासमोर फक्त नंबर असतो. ओळखीचे चेहरे त्याला दिसत नाहीत असा दावा मी करणार नाही. हे वर्तुळ लहान आहे. पण पगारी हँडलर, म्हणजे मालकाऐवजी कुत्रा रिंगमध्ये नेणारे, जिंकतात त्याचं मोठं कारण सराव आहे. घरच्या जेवणाच्या टेबलावर रबरी चटई टाकून रोज दोन मिनिटं कुत्र्याला उभा करा, पाहुण्यांना दात पाहू द्या, उकडून वाळवलेल्या कलेजीचा एक तुकडा द्या. तीन महिन्यांत फरक दिसतो. गेल्या वेळी आमच्याकडे पॉमच्या पिल्लांच्या वर्गात पहिली आली ती बारावीतली मुलगी होती, पहिल्यांदाच आलेली.

आता मोतीचं. जानेवारीच्या प्रदर्शनात दुपारच्या सुट्टीत हॉलमध्ये अर्धा तास मी इंडियन स्पिट्झसाठी मागून घेतला आहे. क्रमांक नाहीत, कप नाही, प्रमाणपत्र नाही. डॉक्टर असतील आणि मी असेन. प्रत्येक कुत्र्याची उंची, वजन, दात, गुडघे, डोळे, केसांची प्रत, वय आणि आजवरची आजारपणं एका वहीत उतरवायची. या कुत्र्याची नीट नोंद कुणीतरी ठेवल्याशिवाय एफसीआयच्या यादीत त्याचं प्रमाणक कधीच येणार नाही, आणि मोतीसारखे म्हातारे, धडधाकट कुत्रे त्या वहीत सगळ्यांत आधी हवेत. नऊ वर्षांत दवाखान्याची पायरी फक्त लशीसाठी चढलेला कुत्रा माझ्या पाहण्यात फार नाही.

या वेळी पहाटे चारला निघू नका, दुपारी बाराला पोचलात तरी चालेल. मागच्या फाटकाने या, तिथे झाडाखाली गाडी लावता येते. मोतीला आंघोळ आदल्या दिवशी घाला, त्या सकाळी नको. त्याची पाण्याची वाटी घरचीच आणा, आणि लशीचं कार्ड. आणि ज्यांच्याकडून त्याला आणलात त्या घरी एकदा विचारून पाहा, आईचं नाव काय होतं, ती किती वर्षं जगली, पांढरीच होती का. त्यांना जेवढं आठवेल तेवढं एका कागदावर लिहून आणा. वहीतलं एक पान मी मोतीच्या नावाने कोरं ठेवलं आहे.