नीरज नव्हता, तरी आठ पदकं आली

पॅरिस ऑलिंपिकनंतर एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतोय: ‘भारताचं ॲथलेटिक्स म्हणजे एकटा नीरज चोप्रा. तो नसेल तर हाती भोपळा. बाकीचे राष्ट्रकुलसारख्या सोप्या स्पर्धेत एखादं पदक मिळवतात, तेही नशिबाने.’ पॅरिसमध्ये ॲथलेटिक्सचं आपलं एकमेव पदक नीरजचंच होतं, हे खरं. पुढचं एकही वाक्य मला मान्य नाही.

नीरज नसताना काय होतं, ते २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिसलं. दुखापतीमुळे तो खेळलाच नाही. तरी ॲथलेटिक्समध्ये एक सुवर्ण, चार रौप्य, तीन कांस्य आली. त्याआधी २०१८ला गोल्ड कोस्टला नीरजने सुवर्ण जिंकलं होतं, आणि तेव्हा एकूण पदकं होती तीन.

आता ‘सोपी स्पर्धा’. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या ३००० मीटर शर्यतीत, १९९८ ते २०१८ या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी तिन्ही पदकं केनियाने नेली होती. दुसऱ्या कुणाला पायरीवर जागाच नव्हती. ती मक्तेदारी मोडली बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने. लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल तुडवणारा हा शेतकऱ्याचा पोरगा पुढे सैन्यात गेला आणि तिथे धावपटू झाला. बर्मिंगहॅमला त्याची वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. विजेत्या अब्राहम किबिवोटची ८ मिनिटं ११.१५. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदाने! शेवटच्या वळणानंतरची ती धाव ज्याने पाहिली, तो या शर्यतीला सोपी म्हणणार नाही.

आणि नशीब? तिहेरी उडीत एल्धोस पॉलने १७.०३ मीटरवर सुवर्ण घेतलं, अब्दुल्ला अबूबकरने १७.०२ वर रौप्य. प्रवीण चित्रवेल १६.८९ वर चौथा आला, कांस्य तीन सेंटिमीटरने गेलं. पहिल्या चारांत आपले तिघे! लांब उडीत मुरली श्रीशंकर आणि विजेता दोघांचीही ८.०८ मीटर, मग दोघांच्या दुसऱ्या सर्वोत्तम उडीवर निकाल लागला.

पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ॲथलेटिक्सची २९ पदकं आली. त्यातलं नीरजचं एक. साबळेची दोन, पारुल चौधरीची दोन, हरमिलन बैन्सची दोन.