दांडीनं मान टाकली

रात्री पावणेदोन वाजता मी ताशी साडेसहाशे किलोमीटर वेगानं इंग्लिश खाडीत कोसळत होतो. उजव्या हाताच्या दोन बोटांत जॉयस्टिक, डाव्या हातात चहा. पाणी अगदी जवळ आल्यावर मी श्रीखंडातून चमचा फिरवावा तशी जॉयस्टिक मागे ओढली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं माझं मेसरश्मिट १०९, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, सुखरूप वर आलं. चहासुद्धा सांडला नाही.

आनंद व्हायला हवा होता. पण मला लाज वाटली.

कारण १९४० साली इंग्रजांनी हाती आलेलं असंच एक खरं विमान फार्नबरोच्या आपल्या विमान-चाचणी केंद्रात उडवून पाहिलं, तेव्हा ताशी चारशे मैलांना वैमानिकानं सगळी ताकद लावून दांडी बाजूला रेटली तरी पंखावरची झडप जेमतेम एक पंचमांशच हलायची. एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप, तोही असाच दगड व्हायचा. त्या जमान्यात दांडी आणि झडपा यांच्यात फक्त तारा आणि सळया. वारा झडपेवर बसला की त्याचा जोर सरळ वैमानिकाच्या मनगटात. आणि तो जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर वारा चौपट. माझ्या जॉयस्टिकला मात्र धावपट्टीवर उभं राहणं काय, सूर मारणं काय, सगळं सारखंच. कॉम्प्युटर बंद असला तरी तिची स्प्रिंग तितकीच घट्ट. एवढी समदृष्टी संतांना शोभते, लढाऊ विमानाला नाही.

यावर उपाय म्हणजे फोर्स फीडबॅक. जॉयस्टिकच्या पोटात मोटारी असतात आणि सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ, त्यांना सांगतो, की आता याला ओढू देऊ नका. मायक्रोसॉफ्टनं १९९७ साली अशी एक काढली होती. आणखीही दोघाचौघांनी काढल्या आणि मग हे प्रकरण दुकानांतून जवळपास नाहीसंच झालं. पेटंटांची भांडणंही होती. इमर्शन नावाच्या कंपनीनं हात थरथरवण्याच्या तंत्रावरून २००२ साली सोनी आणि मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं २ कोटी ६० लाख डॉलर देऊन आपल्यापुरतं मिटवलं. थरथरण्याचंही पेटंट असतं हे वाचून मी हादरलो. आमच्या वडिलांच्या स्कूटरनं ते रोज सकाळी ऑफिसला जाताना मोडलं असतं.

आता नव्या, तगड्या मोटारींच्या दांड्या पुन्हा मिळायला लागल्यात. पण त्यांच्या किमती घरात मोठ्यानं वाचण्यासारख्या नाहीत. म्हणून मी वीसेक वर्षांपूर्वीची, वापरलेली एक शोधली. ती न्यू जर्सीत होती. तिथल्या भाच्यानं ती बॅगेत घालून आणली आणि विमानतळावर बॅग उघडायला लावल्यावर, खरं बोलावं या मराठी संस्कारानुसार, "ही विमान ताब्यात घ्यायची दांडी आहे," असं त्यानं इंग्रजीत सांगितलं. त्याचं पुढचं विमान हुकलं. तो अजून माझ्याशी मोजकंच बोलतो.

दांडी अमेरिकन, म्हणजे एकशेवीस व्होल्टची. तपकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर आणला. तो मिक्सरएवढा निघाला आणि आवाजही तसाच करायला लागला. डायनिंग टेबलाची एक बाजू रिकामी करून मी सगळी मांडामांड केली, बायकोला आणि आईला समोर बसवलं आणि विमान सुरू केलं.

दांडी पुढे पडली. सरळ आडवी.

"हिनं तर मान टाकली," बायको म्हणाली.

"हेच तर!" मी ओरडलो. "विमान जमिनीवर उभं आहे. वारा नाही. एलेव्हेटर स्वतःच्या वजनानं लोंबतोय, म्हणून दांडी पुढे. खऱ्या विमानात अगदी असंच होतं!"

"म्हणजे बिघडलेली नाही?"

"छे!"

"आधीची उभी राहायची," ती म्हणाली. "आणि ती दीड हजाराची होती."

पुढचा आठवडा उलट्या दिशांचा गेला. मोटारीला 'मध्याकडे ये' असं सांगावं तर दांडी मध्यापासून पळायची आणि मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखी कोपऱ्यात जाऊन बसायची. ओढून आणली की पुन्हा तिकडेच. सेटिंगमध्ये तीन चौकोन होते. आडवा अक्ष उलटा करा, उभा अक्ष उलटा करा, दोघांची अदलाबदल करा. तीन चौकोनांची आठ गणितं होतात. मी सात करून पाहिली. एकात विमान वर ओढलं की दांडी डावीकडे खेचायची, दुसऱ्यात ट्रिम, म्हणजे दांडीची विसाव्याची जागा ठरवणारं चाक, पुढे केला की दांडी माझ्या पोटात. बरोबर असलेलं कितवं, हे सांगायला नको.

शिवाय दांडीच्या मुठीत एक डोळा आहे. हात दिसला तरच मोटारी चालू, हात काढला की बंद. कुणाला इजा होऊ नये म्हणून केलेली ही सोय. माझा हात त्या डोळ्याला काही केल्या दिसेना, म्हणून त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता दांडीची समजूत अशी की मी तिला चोवीस तास धरून बसलोय. बायकोची समजूत फारशी वेगळी नाही.

जोर शंभर टक्क्यांवर नेला आणि खरी मजा सुरू झाली. वेग वाढला की दांडी घट्ट होत जायची, स्टॉल, म्हणजे पंखांचा हवेतला आधार सुटायची वेळ, जवळ आला की मनगटात कापरं भरायचं, गवताळ धावपट्टीवर उतरताना दात वाजायचे. आणि तोफा झाडल्या की टेबल, टेबलावरची लोणच्याची बरणी, बरणीवरची ताटली, सगळं मिळून भजनी मंडळ. त्याच रात्री बेल वाजली.

खालच्या मजल्यावरचे काका. हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याचे. आम्ही राहतो लोहगावच्या धावपट्टीजवळ, डोक्यावरून सुखोई गेलं तरी त्यांची झोप मोडत नाही.

"रात्री दोनला काय वाटताय हो?" ते म्हणाले.

मी दांडी दाखवली. ते खुर्चीत बसले, मूठ धरली, डावीकडे-उजवीकडे हलवली. मी श्वास रोखून उभा. ज्यांनी मिग-२१ उडवलं त्यांच्याकडून दाखला मिळणार होता.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण मिगमध्ये असं काही नव्हतं."

"म्हणजे?"

"अहो, शेपटीला हायड्रॉलिक. ती हलवायचं काम हायड्रॉलिक करणार, वारा हातापर्यंत पोचतच नाही. मग पायलटला काहीतरी लागावं म्हणून आत स्प्रिंग. वेग आणि उंची बघून तिचा ताण बदलायला एक पेटी, एआरयू म्हणायचे तिला. आर्टिफिशियल फील."

"म्हणजे खऱ्या विमानातलं वजनही खोटंच?"

"खोटं कशाला? स्प्रिंगचं होतं." त्यांनी पाणी मागितलं. "एफ-१६ची गंमत माहितीय? त्याची दांडी सुरुवातीला हलायचीच नाही. नुसती दाबायची, दाब मोजून विमान वळणार. पायलट लोकांना ते पटेना, म्हणून मग तिला उगाच थोडीशी हलायला दिली." ते हसले. "तुमची आधीची कसली होती?"

"स्प्रिंगची," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघरातून काही बोलली नाही, पण पाण्याचा ग्लास जरा जास्तच जोरात ठेवला गेला.

"पण मी जेट उडवत नाही, काका. मी १९४० मध्ये असतो. तारा, सळया..."

"मग ही कमी पडते," काका म्हणाले आणि एका मनगटानं, पाणी पिता पिता, त्यांनी माझं मेसरश्मिट साडेसहाशेच्या सुरातून अलगद वर काढलं. "खरं म्हणजे आत्ता हे टेबल उखडायला पाहिजे होतं."

हे मला आधीच कळायला हवं होतं. मी एवढा खटाटोप केला तो एक वस्तू आपलं ऐकू नये म्हणून, आणि तिच्यात न ऐकण्याएवढाही दम नाही. टेबल जमिनीला बोल्टनं जखडून मोठी मोटार घ्यावी का, हे मी मनात मोजत होतो तेवढ्यात काका उठले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. विमान तसंच हवेत होतं. मुठीच्या डोळ्यावर चिकटपट्टी असल्यामुळे टेबलावर दांडी एकटीच हलत होती, कधी जरा पुढे, कधी डावीकडे, मध्येच एक बारीक थरथर.

आई पाणी प्यायला उठली होती. ती टेबलापाशी थांबली, चष्मा नसल्यानं डोळे बारीक करून तिनं दांडीकडे नीट पाहिलं.

"अरे, ती खिडकी लाव आधी," ती म्हणाली. "वाऱ्यानं हलतंय बघ तुझं ते."

खिडकी बंदच होती.