'कन्फ्यूज' म्हणजेच 'कोन्फुन्दिर'? थांबा जरा

स्पॅनिश बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या रील्समध्ये एक दावा सारखा फिरतो: 'कन्फ्यूज' म्हणजे आपलं 'कोन्फुन्दिर'च. मूळ एक, अर्थ एक, पाठ करायची गरजच नाही.

मूळ एक, हे कबूल. लॅटिन 'कोन्फुन्देरे' म्हणजे एकत्र ओतणं. पण त्यातून इंग्रजीत दोन क्रियापदं आली, 'कन्फ्यूज' आणि 'कन्फाउंड'. साथरोगशास्त्रात इंग्रजी जिथे 'कन्फाउंडिंग' म्हणते (म्हणजे तिसऱ्याच घटकामुळे दोन गोष्टींचा संबंध असल्याचा भास होणं), तिथे स्पॅनिश शोधनिबंधात 'फाक्तोर दे कोन्फुसिओन' असतं. त्याचं भाषांतर 'कन्फ्यूजिंग फॅक्टर' केलंत, तर संख्याशास्त्रवाला कपाळावर हात मारून घेईल.

'अर्थ एक' हे तर फोनवरच कोसळतं. चुकीचा नंबर लागला की माद्रिदचा माणूस म्हणतो, 'पेर्दोन, मे ए कोन्फुन्दीदो'. माफ करा, चुकलं माझं. तोच लंडनला फोन लावून 'सॉरी, आय अ‍ॅम कन्फ्यूज्ड' म्हणाला, तर पलीकडच्याला वाटणार, याला काही उमजेनासं झालंय. तो बिचारा समजावत बसणार. इथे नुसतं 'राँग नंबर' पुरतं. मराठीत आपण 'चुकलो' आणि 'गोंधळलो' वेगळे ठेवतो, म्हणून आपला पाय इथे घसरत नाही. गर्दीत मिसळून दिसेनासा झालेला चोरही स्पॅनिशमध्ये 'से कोन्फुन्दियो'च. इंग्रजीत त्याला 'ब्लेंड' लागतं.

'कोन्फूसो म्हणजे कन्फ्यूज्ड', हेही अर्धंच. स्पॅनिशमध्ये मजकूर 'कोन्फूसो' असतो आणि तो वाचून डोकं धरणारा माणूसही 'कोन्फूसो'. इंग्रजी मात्र मजकुराला 'कन्फ्यूजिंग' म्हणते, माणसाला 'कन्फ्यूज्ड'. त्यामुळे वर्गात हात वर करून 'टीचर, आय अ‍ॅम कन्फ्यूजिंग' म्हणणारा मुलगा प्रत्यक्षात सांगतो की माझ्यामुळे बाकीचे गोंधळतात. (कधी कधी ते खरंही असतं.)

'कन्फ्यूज'च्या जागी 'पझल', 'बॅफल', 'बिविल्डर', कुठलाही शब्द वापरा, असंही पुढे जोडलेलं असतं. नका वापरू. 'पझल' झालेला माणूस अजून डोकं खाजवतोय, 'बॅफल' झालेल्याचं डोकंच चालेना, 'बिविल्डर' झालेला पार भांबावलाय. शिवाय 'बाफ्ले' म्हणजे स्पॅनिशमध्ये स्पीकर, तोही इंग्रजीतूनच उचललेला.

दावा बरोबर ठरतो तिथे ठरतोच. 'तुला तुझा भाऊ समजलो' याला 'ते कोन्फुन्दी कोन तु एर्मानो', इंग्रजीत 'आय कन्फ्यूज्ड यू विथ युअर ब्रदर'. 'कोन'च्या जागी सरळ 'विथ'. फक्त 'मिस्टुक' वापरलंत, तर 'विथ' नव्हे, 'फॉर'.