मीटर मिला क्या?

आज सकाळी पोहेवाल्याने, म्हणजे ज्याच्याकडे मी गेली नऊ वर्षं एक रुपयाची उधारी न ठेवता पोहे खातोय त्या माणसाने, जिरावण भुरभुरता भुरभुरता चार लोकांसमोर मला विचारलं, "क्यों भिया, मीटर मिला क्या?" आणि बाजूला उभा असलेला एक जण, ज्याला मी ओळखतसुद्धा नाही, तो हातात जलेबी धरून हसला. म्हणजे बातमी इंदूरच्या अख्ख्या राजेंद्र नगरात फिरली. फिरवणारे एकच, आमचे मामा.

झालं असं की एका नमकीनवाल्या शेठजींची वेबसाइट मी सांभाळतो. सर्व्हर भाड्याचा, लिनक्सचा, आणि आहे जर्मनीत. महिन्याला १ टीबी डेटा बाहेर जाऊ शकतो, वर गेला की पैसे. मध्यंतरी मेल आला की कोटा संपला. मी एसएसएचने आत शिरलो, व्हीएनस्टॅट चालवलं (किती नेट खर्च झालं याची वही ठेवणारा प्रोग्राम), तर जानेवारीपर्यंत आकडे अगदी व्यवस्थित आणि पुढे सगळं कोरं. एक बाइट नाही. सर्व्हिसचा स्टेटस विचारला तर हिरव्या अक्षरांत ॲक्टिव्ह, रनिंग. सरकारी ऑफिसात खुर्चीवर कोट टांगलेला असतो ना, साहेब आलेत एवढंच कळतं, तसं. तीनदा रिस्टार्ट केलं. तीनदा हिरवं.

नेमके तेव्हा मामा आले. मामा सकाळी फिरायला निघतात सुदामा नगरातून आणि चहा आमच्याकडे पितात. वीजखात्यात चौतीस वर्षं मीटर रीडिंग करून रिटायर झालेत.

"काय शोधतोयस?"

"नेट किती खर्च झालं ते."

"मीटर नाही का त्याला?"

"आहे मामा. शून्य दाखवतोय."

मामांच्या चेहऱ्यावर असं तेज मी त्यांच्या निरोप समारंभातही पाहिलं नव्हतं. खुर्ची ओढली, चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "शून्य दाखवणारा मीटर तीनच कारणांनी शून्य दाखवतो. घर बंद, मीटर जळालेला, नाहीतर लोड दुसऱ्या लाइनवर."

"मामा, हे वेगळं असतं."

"बरं. तू कर."

हे जे "तू कर" आहे ना, याच्यापेक्षा माणसाने दोन शिव्या द्याव्यात.

"हा डबा आहे कुठे?"

"जर्मनीत."

"मग रीडिंगला कोण जातं?"

"कोणी नाही जात. इथूनच दिसतं."

"दिसत तर नाहीये."

आता मला त्यांना पटवून द्यायचं होतं की हे प्रकरण घराबाहेरच्या डब्याएवढं सोपं नाही, म्हणून मी मुद्दाम आयपी, डॅश एस, लिंक असं टाइप केलं, की बघा, एवढी सगळी अक्षरं आणि आकडे, घाबरा जरा. मामा घाबरले नाहीत. त्यांनी सेव लागलेलं बोट सरळ स्क्रीनवर ठेवलं.

"हा काय आकडा?"

"हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा काउंटर. मशीन चालू झाल्यापासून किती बाइट बाहेर गेले. रीबूट केलं की परत शून्यापासून."

"शून्यापासून? असे मीटर इंदूरला लागले असते तर लोकांनी रोज संध्याकाळी रीबूट केलं असतं." मग मोजायला लागले. "तेरा आकडे! आमच्या मीटरला सहा असायचे. म्हणजे हा फिरतोय. हा कुठल्या लाइनचा?"

"ईएनएस-थ्री."

"आणि तुझा शून्यवाला कुठल्या लाइनवर लावलाय?"

मी कॉन्फिग फाइल उघडली. ईटीएच-झिरो. त्या मशीनवर ईटीएच-झिरो नावाची लाइनच नव्हती.

आता यात माझी चूक किती आणि जगाची किती हे मला सांगू द्या. पूर्वी लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला सरळ ईटीएच-झिरो, ईटीएच-वन म्हणायचे. पण जे कार्ड आधी सापडेल ते झिरो, त्यामुळे दोन कार्डं असली की रीबूटनंतर नावं कधीकधी अदलाबदल व्हायची, म्हणून २०१३ पासून सिस्टमडीवाल्यांनी (सिस्टमडी म्हणजे लिनक्समध्ये सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) कार्ड बसलंय त्या जागेवरून नावं पाडायला सुरुवात केली. कारण बरोबर आहे, मान्य. पण महूचं २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं तरी आमच्याकडे बसवाला अजून "महू महू महू" असंच ओरडतो, आणि मीही जानेवारीत जुना सर्व्हर सोडून नव्यावर आलो तेव्हा जुनी कॉन्फिग आणि जुना डेटाबेस तसाच्या तसा उचलून आणला, हुशारीने, की मागचा हिशोब जाऊ नये. आणि वहीत आधीच नावं असली की व्हीएनस्टॅट नवीन लाइन आपणहून धरत नाही, तशी सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. मी कशाला करतोय.

"म्हणजे तू मीटर काढलेल्या घराचं रीडिंग घेत होतास," मामा समाधानाने म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून, "मीपण घेतलंय. पाडलेल्या घराचं. सहा महिने."

नवीन लाइन ॲड केली, सर्व्हिस रिस्टार्ट केली. उत्तर आलं, अजून पुरेसा डेटा नाही. कारण हा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी वहीत लिहितो. ती पाच मिनिटं मामा हलले नाहीत. चहा दुसऱ्यांदा झाला. मग आकडा आला तर म्हणे, "एमएफ लावलास का?" मोठ्या मीटरला रीडिंगला गुणायचा एक फॅक्टर असतो, तो. मी नाही म्हणणार होतो आणि थांबलो, कारण होस्टिंगवाले १ टीबी हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि व्हीएनस्टॅट १०२४ च्या, म्हणजे इकडे ९३१ जीबी दिसले की तिकडे हजार पूर्ण. मामा बरोबर होते. परत. मी बोललो नाही.

मग कोण ओढतंय ते बघायला आयएफटॉप लावलं. सकाळची वेळ, गिऱ्हाईक नाही, एकच पत्ता सतत वर.

"हा बघ चोर!"

"मामा, तो मी आहे."

"तू?"

"आपण इथून बघतोय ना, ते कनेक्शन."

"म्हणजे मीटर बघायला गेलं तरी बिल वाढतं?"

"थोडंसं."

"हरामखोर आहेत जर्मनीवाले."

खरा चोर संध्याकाळी वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडला. होमपेजवर शेठजींचा स्वतःचा फोटो, फेटा बांधलेला, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला, १४ एमबी. दिवसाला साधारण तीन हजार लोक येतात, म्हणजे ४२ जीबी रोज, महिन्याला १२६० जीबी नुसते शेठजी. लोक येतात लौंगवाली सेव बघायला. फोन केला तर म्हणाले, "फोटो छोटा करोगे तो शकल छोटी नहीं दिखेगी?" मी न सांगता १८० केबीचा करून टाकलाय. अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

पण कोट्यावरचे जे पैसे लागले ते शेठजींनी माझ्या बिलातून कापले. "भिया, मीटर तो तुम्हारा बंद था ना." हे त्यांना कोणी सांगितलं? मामा सेव कुठून घेतात हे मला तेव्हा आठवलं. पाव किलो सेवेबरोबर माझी अब्रू बांधून दिली. आणि १४ एमबीचा फोटो कोणी चढवला, हे कोणी विचारत नाही. शेठजींच्या भाच्याने चढवला. त्याचा एक पैसा कापला गेला नाही, हे लिहून ठेवतो.

आता मामा रोज सकाळी दारातूनच ओरडतात, "रीडिंग?" आणि मी, काय करणार, सांगतो. परवा मी झोपलो होतो, दार उघडलंच नाही. उठलो तर दाराच्या फटीत चिठ्ठी होती, मामांचं अक्षर, घर बंद, सरासरी टाकली आहे.